क्रोटनची कवळी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझी, भाचीची आणि नव्या पाहुणीची प्रकृती उत्तम असेल असं धरून चालतो, कारण नसती तर एव्हाना तुझे चार फोन आले असते. पाहुणीचा फोटो मिळाला. नाक आपल्या घराण्याचं आहे, त्याला आता इलाज नाही. (फोटोत तू तिला एका हाताने धरली आहेस आणि दुसरा हात तोंडावर आहे. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडून पुढचे दोन दात गेले, तेव्हापासून प्रत्येक फोटोत तो हात तिथेच असतो. तीन महिन्यांचं मूल एका हाताने धरू नये, एवढंच सांगतो.) मी ठणठणीत आहे. क्रोटनच्या प्रकृतीविषयी खाली सविस्तर लिहिलं आहे. पत्र अशासाठी, की फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, आणि या प्रकरणात मला शेवटपर्यंत बोलू देणं जरुरीचं आहे. रविवारी तू परत येणार आणि आल्या आल्या कुंडी न्यायला हजर होणार, त्याआधी हे वाचून हो.

पाच महिन्यांपूर्वी तू क्रोटन माझ्या गळ्यात मारलास तेव्हा मला ती ब्यादच वाटली होती, हे आधी कबूल करतो. घरात माझ्या उजेडाची बोंब, म्हणून कुंडी दवाखान्यामागच्या माझ्या कामाच्या खोलीत, टेबलाजवळच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली. आता माझ्या धंद्यात रंग म्हणजे एकच, पांढरा. आणि खरा पांढरा तर कुणाच्याच तोंडात नसतो. पिवळटाकडे झुकणाऱ्या सोळा छटांची एक पट्टी असते, ती माणसाच्या दातांशी धरायची आणि नंबर लिहून घ्यायचा. बत्तीस वर्षं कवळ्या करण्यात माझं आयुष्य या सोळा छटांत गेलं, आणि बरं गेलं. तर दुसऱ्याच दिवशी सकाळी चहाचा पेला हातात धरून, सहज गंमत म्हणून, तुझ्या झाडाच्या एका पानावरचे रंग मोजायला बसलो. कडेला शेंदरी, शिरांना हळदीचा पिवळा, मध्ये बाटलीचा हिरवा, त्यावर जांभळे शिंतोडे. आठपर्यंत मोजले, नवव्याला नावच सापडेना. शेजारचं पान पाहिलं, तर त्यातला एकही रंग आपल्या जागेवर नाही. हे सगळं काळ्या मातीतून वर येतं आणि कुणी नंबर लिहून दिलेला नसतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर समजलं. मी नुसता बघत बसलो. चहा गार झाला, तो तसाच प्यालो.

तुझ्या अकरा सूचनांचा कागद भिंतीला चिकटवला आणि पहिला दीड महिना एकीलाही धक्का लावला नाही. पाणी कोमट, तेही वरची माती सुकल्यावर. पानं ओल्या फडक्याने पुसायची. पानांच्या मागे पांढरी कीड आहे का बघायचं. कीड बघायला मी डॉक्टरीणबाईंचा तोंडात घालायचा छोटा आरसा घेऊ लागलो. (दवाखाना त्यांचा. दात त्या काढतात, घालायचे मी करतो.) आरसा दर वेळी धुऊन ठेवत होतो, तरी त्यांनी मला नवाकोरा आरसा आणून दिला आणि यापुढे हाच वापरा असं जरा जोर देऊन सांगितलं. रोज सकाळी 'आज पेशंट कसा आहे' म्हणून विचारायलाही लागल्या. त्यात चेष्टा असेल, पण मी मनापासून उत्तर देत असे.

घोटाळा झाला तो बँकेतल्या एका कॅशियरच्या चार दातांमुळे. दात घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. म्हणे निळसर दिसतात, थंडीने काकडल्यासारखे. पुन्हा केले, पुन्हा तेच. माझ्या हातून छटा चुकते म्हणजे काय? तिसऱ्या खेपेला माझ्याच पांढऱ्या कोटाच्या बाहीकडे लक्ष गेलं. बाही शेंदरी झाली होती. सकाळचं ऊन क्रोटनवरून माझ्या टेबलावर उतरत होतं, त्यात प्रत्येक दात मला गुलाबी दिसत होता आणि मी आपला इमाने इतबारे त्यातला गुलाबी मारत सुटलो होतो. रागाच्या भरात उठलो आणि कुंडी कपाटाशेजारच्या कोपऱ्यात, पंख्याखाली नेऊन ठेवली. चौथी सूचना, 'जागा हलवू नकोस', खाली दोन रेघा, मी वाचलेली होती. पण तू लहानपणी मलाही सारखी हलू नकोस म्हणायचीस आणि मी हललो म्हणून काही बिघडलं नव्हतं.

पाचव्या दिवशी पहिलं पान गळलं. दहाव्या दिवशी एकतीसपैकी चार उरली होती. घाबरून कुंडी परत खिडकीत नेली, तर त्याचाही राग येऊन त्याने आणखी एक टाकलं. झाड तुझं, हलवणारा भाऊही तुझाच. आपलेच दात नि आपलेच ओठ, तू तरी काय करणार? पण ताई, मला तुझी भीती वाटली नाही, वाईट वाटलं. भावोजी गेल्यावर तू हौसेने घरात आणलेली ती पहिली वस्तू होती.

आणि रविवार उजाडला. दर रविवारी फोटो पाठवणे, ही तुझी अकरावी सूचना. अशा वेळी माणूस त्याला जे येतं ते करतो. पडलेली धड पानं निवडली, दातांचं माप घ्यायच्या गुलाबी लगद्यात त्यांचे ठसे घेतले, साचे ओतले, कवळीच्या प्लास्टिकची पानं केली. नव्या दातांना जुने डाग द्यायचे रंग माझ्याकडे असतातच, त्यांनी ती रंगवली आणि देठाला तारेची आकडी लावून एकेक पान फांदीवर बसवलं. एकूण चौदा. डॉक्टरीणबाईंनी एक पान बोटाने हलवून पाहिलं. मग म्हणाल्या, "चावता येतंय ना त्याला?" फोटो मी जरा लांबून काढला. माझ्या हाताला यश आहे असं तुझं उत्तर आलं, ते मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मान खाली गेली.

असे दोन महिने गेले. खोट्या पानांना पाणी लागत नाही, पण त्यांच्या मागे एक खरं झाड उभं होतं हे विसरता येईना, म्हणून बोडक्या फांद्यांना कोमट पाणी घालत राहिलो. मागच्या महिन्यात एका आकडीजवळ हिरवा कण दिसला. प्लास्टिकचा थेंब राहिला असेल असं वाटून सुरीने खरवडायला गेलो, तर पांढरा चीक आला. सुरी खाली ठेवली. आरसा धरून पाहिलं. गळलेल्या पानाच्या व्रणाच्या बरोबर वर कोंब होता, तांदळाच्या दाण्याएवढा. दुसरे व्रण पाहिले, तर आणखी सहा ठिकाणी तेच. दहा दिवसांत त्या पहिल्या कोंबाने माझं पान बाजूला सारलं, आकडी निसटली आणि पान टेबलावर पडलं. त्याच्या जागी नखाएवढं पिवळं, ओलसर पान उभं होतं, आणि आता त्यात रोज थोडा शेंदरी उतरतो आहे. मी इतक्यांची तोंडं भरली, पण मी घातलेला दात मागून ढकलून काढणारं कुणी मला भेटलं नव्हतं. मोठ्या माणसाचा दात गेला की गेला, त्यावर तर माझं पोट आहे. मी दाराला कडी लावून थोडा वेळ रडलो. (हे भाचीला वाचून दाखवू नकोस.)

तर सध्या खरी पानं चौदा आणि माझं फक्त एक शिल्लक आहे. कुंडी खिडकीतच आहे. टेबल मी समोरच्या भिंतीशी सरकवलं, म्हणजे हलायचं ते मी हललो. कॅशियरचे दात चौथ्या खेपेला बसले आणि ते सगळ्यांना हसून दाखवत फिरत आहेत.

भाचीला आशीर्वाद, पाहुणीच्या त्या नाकाला एक पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. मागे तू लिहिलं होतंस, 'खालून तिसरं पान बघ, असं पान माणसाच्या हातून होणे नाही.' माझं उरलेलं एक पान ते.

ता. क. दुसरा. जिन्यातल्या त्या प्रकारानंतर मी दात करून देतो म्हणालो, तेव्हा तू म्हणालीस की माझे दात बसमधून उतरतानाच ओळखू येतात. दोन महिने पान ओळखलं नाहीस. तेव्हा कुंडी न्यायला दवाखान्यातच ये; तुझ्या चौथ्या सूचनेमुळे मला ती तिथून हलवता येत नाही. सोमवारी अकराची वेळ डॉक्टरीणबाईंकडे तुझ्यासाठी धरली आहे. अर्धा तास फक्त हिरडीचं माप द्यायला बस. छटा बघायची गरज नाही, ती मला लहानपणापासून पाठ आहे. ते दोन दात तेव्हाच करून ठेवले होते, दोन वर्षं माझ्या खणात डबीत आहेत.

ता. क. तिसरा. पाहुणीला तीनेक महिन्यांत पहिला दात येईल. तिच्याआधी तुझे यावेत. मग तिला दोन्ही हातांनी धर.