गुरुवारची खोली कोणाला

मी, खाली सही करणारी, लहान मुलांची डॉक्टर, वय सत्तरीच्या पुढे, हे स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे म्हणता येत नाही, पण मृत्युपत्रासाठी त्याची अट नाही.

१. राहते घर माझ्या मुलाला. स्वयंपाकघराचा रंग त्याने बदलू नये असे मला वाटते. तो बदलणारच, हेही ठाऊक आहे. बँकेतली शिल्लक नातीच्या नावे करावी.

२. कपाटातली पुस्तके रुग्णालयातल्या आमच्या विभागाच्या वाचनालयाला. त्यांतली निम्मी तिथूनच आणलेली आहेत.

३. विभागप्रमुखांना काहीही नाही. तरुण डॉक्टरांना संशोधनासाठी गुरुवारची दुपार मोकळी मिळावी म्हणून मी त्यांच्याशी वर्षानुवर्षे भांडले, आणि ओपीडीत गर्दी झाली की त्यांनी आधी तीच दुपार कापली. माझ्या शोकसभेत ते बोलायला उठतीलच. त्यांना पाच मिनिटे द्यावीत आणि समोर घड्याळ ठेवावे.

४. घरामागची खोली, वेगळ्या दारासकट, मुलाला नाही. विभागात जागा मिळेना म्हणून गुरुवारी आमची मंडळी इथे बसत आली. आठवडाभर पेशंट तपासून दमलेले हे डॉक्टर आले की फोन भाजीच्या टोपलीत टाकायचे आणि ज्याने त्याने आपला अभ्यास कुठवर आला ते मांडायचे. नवीन आलेल्याला मी पहिले काम एकच देई: आजारी मुलाच्या आईबापांना आपला अभ्यास नीट समजावून सांग, त्यात मूल घेऊ का ते विचार, आणि एक नकार घेऊन ये. नकार आणला की मी स्वतः चहा करून पाजत असे. आईला मोकळेपणाने नाही म्हणता आले, म्हणजे डॉक्टरने गळ घातली नाही, एवढे मला त्यातून कळे. सगळ्यांत शेवटी आलेली, म्हणून जिला आम्ही धाकटी म्हणतो, ती पहिल्याच दिवशी तीन नकार घेऊन रडकुंडीला आली होती. तिला तीन कप पाजले.

ही खोली मी धाकटीला देते.

५. कारण लिहिते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना आम्ही सगळेच डॉक्टर एक औषध सवयीने देत होतो. त्याचा फायदा होतो का, हे धाकटीने चार वर्षे तपासले. होत नाही, उलट बाळे दूध ओढायला उशिरा शिकतात, असे निघाले, आणि ते छापूनही आले. आता तिने राजीनामा लिहून ठेवला आहे. परवा दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, चार वर्षं घासली आणि हाती काय आलं, तर एक औषध चालत नाही. माझ्याबरोबरच्यांचे दवाखाने जोरात चाललेत. आई विचारते, तू नक्की करतेस तरी काय?"

ती जायला नको आहे मला. ती माझी सगळ्यांत लाडकी विद्यार्थिनी आहे, आणि एवढे बोलायला मला मृत्युपत्र लागले. पण गळ घालायची नाही, हे मीच शिकवले. म्हणून खोलीला अट नाही. तिने तिथे स्वतःचा दवाखाना थाटला तरी चालेल.

६. एक गोष्ट मात्र तिला माझ्या पश्चात सांगावी. माझी नात दुसऱ्या शहरात वेळेआधी जन्मली. तिथल्या डॉक्टरांना मी कोण हे माहीत नव्हते. ते माझ्या मुलाला म्हणाले, "पूर्वी आम्ही एक औषध द्यायचो, आता नाही देत. कुणीतरी नीट अभ्यास करून दाखवलंय." ते कुणीतरी म्हणजे धाकटी.

७. कलम सहा रद्द. साक्षीदार म्हणून आलेल्या माझ्या नणंदबाईंनी ते वाचले. म्हणाल्या, "हे तिला तू गेल्यावर कळणार? तोवर तिच्या दवाखान्याची पाटी लागलेली असेल."

"अहो वन्स, तिच्यावर दडपण नको."

"दडपण कसलं? खरं आहे ना? मग लाव फोन."

वन्सांपुढे माझे कधीच चालले नाही.

धाकटी आली. उभ्याउभ्याच तिने सगळे वाचले. मग विचारले, "आता वजन किती आहे तिचं?"

मी सांगितले.

"आणि दूध?"

"बाटली हातातून सोडत नाही."

तिने डोळे पुसले. मलाही पुसावे लागले.

दुसऱ्या साक्षीदाराची सही राहिली होती. ठरलेले शेजारचे काका अजून आले नव्हते. "मी करते," म्हणत धाकटीने पेन उचलले.

"थांब जरा," वन्स म्हणाल्या. "वकिलांनी बजावलंय, साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही. तू सही केलीस की खोली गेली."

धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तिने पेन टेबलावर ठेवले, आपला फोन भाजीच्या टोपलीत टाकला आणि शेजारच्या काकांना हाक मारायला गेली.

सही: लहान मुलांची डॉक्टर
साक्षीदार: १. नणंद, निवृत्त शिक्षिका
२. शेजारचे काका, हाक मारून आणलेले
ठिकाण: मागची खोली
दिनांक: आजचा, गुरुवार