नाताळचं पिंप

वावाऊ, ९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

तुला आणि तुझ्या लेकीला, नाइतेला, माझा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. कोनफळाची लावणी संपली. आईची कंबर मधूनमधून दुखते, पण पाद्रीबाईंशी भांडण्याइतकी ती ठणठणीत आहे. गेल्या वेळी बोटीने आलेल्या पिंपातून तू पाठवलेले काळे बूट तिला अगदी मापात बसले. दर रविवारी चर्चला तेच घालते आणि दर रविवारी विचारते, "इतके नवे बूट ताउफाने दिले तरी कसे?"

फोनवर बोलायचं सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू हसून विषय बदलतेस, मग मी तापतो, आणि मग आई फोन काढून घेते. कागदाला कोणी काढून घेत नाही. पाद्रीबाई शुक्रवारी ऑकलंडला येताहेत, त्यांच्या हाती देतो आहे.

कॉलेजचं आधी विचारू नकोस. सांगेन.

बातमी बाबांची आहे. ईस्टरनंतर चर्चच्या सभागृहात दवाखान्याने सगळ्यांच्या रक्तातली साखर तपासली. नवी नर्स आली आहे, आनासेइनी. बाबांच्या बोटाला सुई टोचून ती म्हणाली, "काका, तुम्ही साखरेच्या उंबरठ्यावर उभे आहात. अजून आत गेलेला नाहीत. इथून मागे फिरता येतं, पण चालत. गाडीतून नाही."

बाबा म्हणाले, "मला काहीच होत नाही."

"उंबरठ्यावर काहीच होत नसतं," ती म्हणाली. "म्हणून तर लोक आत जातात."

तेव्हापासून बाबा आणि मी मळ्यात चालत जातो. पहिल्या आठवड्यात सगळ्या गावाने चौकशी केली. समोरचा फेलेती ओसरीवरून ओरडला, "काय रे फाकाओसी, गाडी विकलीस की बायकोने काढून घेतली?" बाबा म्हणाले, "पोराने शाळा सोडली, आता बापाला शाळेत घातलंय." आता तोच फेलेती आमच्या मागून चालतो. म्हणतो, सोबत म्हणून. पोट त्याचंही कमी नाही.

घरात पांढरा पाव बंद झाला. चहातली साखर उतरवताना घरात दोन दिवस सुतक होतं. ताटात कोनफळाचा एक तुकडा, मुठीएवढा, बाकी मासळी आणि अळूची पानं. नारळाचा रस आधी वाटीभर असायचा, आता चमचाभर. आई म्हणाली, "ही पानं आहेत की औषध?" पण तीही तेच खाते. बाबांचा पट्टा आता दोन भोकं आत गेला आहे. जिना चढल्यावर ते थांबत नाहीत. परवा होडी ओढताना त्यांनी मला बाजूला सारलं. मी लहान होतो तेव्हा सारायचे ना, अगदी तसं.

आता कॉलेजचं. आनासेइनी राजधानीत, नुकुआलोफात, नर्सिंगला होती आणि मी दोन गल्ल्या सोडून हिशेबशास्त्र शिकत होतो, म्हणजे तिच्याकडे बघत होतो. तिची नेमणूक आपल्या बेटावर झाली, आणि पुढच्याच बोटीने मी आलो. बाबांना सांगितलं, शिकण्यात मन लागत नाही. ते खोटं नव्हतं, फक्त मन कुठे लागलं होतं ते सांगितलं नाही. ती मात्र धक्क्यावर मला बघून म्हणाली, "माझ्यासाठी शाळा सोडणाऱ्याला मी कावाचा पेलाही भरून देणार नाही." मी भडकलो. तुला माहीत आहे मी कसा भडकतो. नाव तूच ठेवलंस, तेव्हा थोडा दोष तुझाही.

आत्या, आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी तीनदा समुद्रावर जाऊन आलो.

सोमवार ते शनिवार बाबा सगळं ऐकतात. रविवारी चर्चहून आलं की ते पलंगाखालून तुझं पिंप ओढतात. मांसाचा एक डबा, बिस्किटांचा एक पुडा. तुझ्या नावाने प्रार्थना करतात, इतकी लांब की जेवण गार होतं. मग सगळं संपवतात. उरलं तर सोमवारी. मेंढीच्या चरबीचे तुकडे फेलेतीच्या फ्रीजमध्ये आहेत, तेही तुझ्याच नावाने खातात. आनासेइनी आकडा बघते आणि म्हणते, खाली आलाय, पण उंबरठ्याच्या बाहेर नाही. कारण तिला आधी कळत नव्हतं. मला कळतं.

गेल्या महिन्यात एका रविवारी त्यांनी दुसरा डबा फोडला. मी म्हणालो, "बाबा, पुरे." त्यांनी ऐकलं नाही. मी त्यांचं ताट ओढलं आणि त्यातलं मांस खाल्लं. उभ्याने, हाताने, सगळं.

आई तोंडावर हात ठेवून बसली. धाकटी रडायला लागली. बापाच्या ताटाला मुलाने हात लावायचा नसतो, हे मला काय कोणी शिकवायला हवं होतं? पण त्या क्षणी मला ताट दिसलंच नाही. मला साखरेने पाय गेलेल्या शेजारच्या लोलोहेआंची चाकाची खुर्ची दिसली. दोन दिवस माझा घसा सुजला. आजी असती तर म्हणाली असती, बघ, बापाच्या ताटातलं खाल्लं की घसा सुजतो, आणि तो आत्याच्याच हाताने उतरतो. मी म्हणतो, न चावता गिळलं म्हणून. तरी दोन्ही दिवस मनात आलं की तू इथे असतीस तर माझ्या घशावर हात ठेवून हे मिटवलं असतंस.

बाबा रागावले नाहीत. तेच वाईट. रिकामं ताट बाजूला सारून म्हणाले, "ताउफा तिकडे थंडीत लोकांची ऑफिसं पुसते आणि हे पिंप भरते. बहिणीने पाठवलेलं मी डुकरांना घालू? तिने सांगावं, खाऊ नकोस. उद्यापासून नाही खाणार. तू सांगून नाही, ती नर्स सांगून नाही, डॉक्टर आला तरी नाही."

आनासेइनीला ताटाचं कळलं, तर तीही माझ्यावरच चिडली. "रागाने साखर उतरत नाही, लिसिआते. ज्यांचं ते ऐकतात त्यांना सांग." मी म्हटलं, ज्यांचं ते ऐकतात त्या माझं ऐकत नाहीत. ती म्हणाली, "मग ओरडू नकोस. लिही."

म्हणून लिहितो आहे.

आणि एक. नाइतेला रागावू नकोस. मी तिला फोनवर सहज विचारलं, आत्याने इतके नवे बूट का दिले. ती रडायलाच लागली. आत्या, डाव्या पायाची दोन बोटं गेली. जूनमध्ये. आणि जूनमध्ये तू बाबांना निरोप दिलास की कामातून यायला वेळ मिळत नाही.

तू का लपवलंस ते मला कळतं. आपल्या रीतीने तुम्ही बहीण-भाऊ मर्यादेतले, एका खोलीत बसत नाही, पायाचं काय बोलणार. आणि बाबांना कळलं तर ते पिंपाकडे बघू शकणार नाहीत. पण आत्या, तुलाही कोणीतरी उंबरठ्यावर असताना सांगितलं असणार. आणि तेव्हा तुझ्या ताटावर झडप घालायला तिथे कोणी नव्हतं. मी इथे होतो, मला माहीत नव्हतं. याचा राग कोणावर काढू, ते कळत नाही.

मी बाबांना काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. ते तुझं आहे.

पण तू त्यांना एक पत्र लिही. चार ओळींचं. बुटांचं लिही, बोटांचं लिही, आणि शेवटी हुकूम कर. ते उभ्याने वाचतील आणि ताटावर बसल्यावर पाळतील. मी न उघडता त्यांच्या हातात देईन.

नाताळचं पिंप भरायला घेतलं असशील. मांसाचे डबे काढून टाक. बाबांना चालायचे बूट घाल त्यात. त्यांच्या चपलेची टाच झिजून कागद झाली आहे. माप पाद्रीबाईंकडे दोरीने मोजून दिलं आहे. उरलेल्या जागेत काही भरू नकोस. रिकामं पिंप आलं तर गाव हसेल, हसू दे, गावाशी मी बघून घेतो. (आनासेइनीने हे वाक्य खोडायला सांगितलं. खोडलं नाही.)

ती म्हणते, फेब्रुवारीत कॉलेज सुरू होतं आणि ती कुठे पळून जात नाही. मी विचार करतो आहे. तुझ्या होकाराशिवाय आपल्याकडे लग्नं होत नाहीत, तेव्हा त्याचाही विचार कर, पण आधी बाबांचं.

आणि तू ये. विमानतळापासून घरापर्यंत चालायचं नाही, गाडी आणीन. मग रोज थोडं, मळ्याच्या कुंपणापर्यंत. बाबा पुढे, तू मागे, मर्यादा राखून. मधे मी.

तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवतो, आहेत त्या सगळ्या बोटांवर.

तुझाच,
लिसिआते