नानांचा हात

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेला आपल्या लहानपणचा फोटो दुरुस्त झाला, सोबत पाठवतेय. नानांच्या कपाळावरून गेलेली चीर मिटवली, बुरशीचे डाग एकेक करून काढले. कॉम्प्युटरवर शेजारचा चांगला तुकडा उचलायचा आणि डागावर बसवायचा. ठिगळंच ती, फक्त टाके दिसत नाहीत. माझ्या नाकाखालचा शेंबूडही पुसला. दुकान माझं, तेवढा हक्क माझा! बाकी गिऱ्हाइकं आपल्या माणसांना गोरं करून मागतात. तू काहीच मागितलं नाहीस, याचं नवल वाटलं.

भाऊजींना नमस्कार. लोभ जुन्या फोटोसारखा फिका पडू देऊ नकोस.

तुझी धाकटी

११ मार्च

चि. ठमाबाईस,
अ. उ. आ.

फोटो पोचला. नाना काल काढल्यासारखे दिसतात. ह्यांनी तर दोनदा चष्मा पुसून पाहिला. पण माझ्या खांद्यावर नानांचा हात होता, तो कुठे गेला? त्यांची बाही माझ्या पाठीमागे जाते आणि खांद्यावर नुसता चौकड्यांचा फ्रॉक! चुकून झालं म्हणू नकोस. माझ्या बाहुलीचे केस कापलेस, तेव्हाही म्हणे कात्रीच चुकली होती.

मला राग आलाय, सरळ लिहिते. लग्न होऊन मी इतक्या लांब आले. नानांचं म्हातारपण, दुखणं, शेवटचा घोट, सगळं तुझ्या वाट्याला. लोक म्हणतात, धाकटीनं फार सोसलं. मला मात्र तुझा हेवा वाटतो. माझ्याकडे बापाचा तेवढा एक हात होता. तो परत कर.

आशीर्वाद आहेतच, पण सध्या जरा मोजूनमापून.

ताई

१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा हात परत पाठवतेय. मूळ फोटोला मी कधी धक्का लावत नाही, म्हणून निभावलं. चुकून झालं नव्हतं. हातावर डाग होता हे खरं, पण तो सहज निघाला असता. त्याच फोटोत मीही उभी आहे ना गं, नानांच्या दुसऱ्या बाजूला. त्यांचा तो हात खुर्चीच्या दांड्यावर आहे, माझ्या खांद्यापासून वीतभर लांब. पडद्यावर मोठं करून करून पाहिलं, जीव नुसता जळला, आणि तुझ्याच फ्रॉकचा तुकडा ओढून तुझ्या खांद्यावर बसवला.

आता माझा हेवा करतेस, तर ऐक. दुखण्यात नाना माझा हात घट्ट धरून पडायचे. आणि मला ‘मोठे’ म्हणायचे, तुला मारायचे तीच हाक. मोठे, कधी आलीस, असं रोज विचारायचे. एकदा मी सांगितलं की नाना, मी धाकटी. तर त्यांनी हात सोडला. इकडेतिकडे बघत राहिले.

मग मी पुन्हा कधीच सांगितलं नाही.

लोभ कर असं या खेपेला म्हणत नाही. तुझं तू बघ.

धाकटी