सव्वीस बसले, दोन पास

१८ जून १९९१

दहावीचा निकाल. दुपारी तीनपासून दोन्ही जिल्ह्यांचे आकडे येत होते. सहाच्या आत शाळावार यादी लावायची होती, लावली. वृत्तसंपादक पितांबर म्हणाला, शंभर टक्केवाले सगळेच छापतात, तू खालून सुरू कर. शिक्षण खात्यानं एक यादी दिलीय – सलग तीन वर्षं वीस टक्क्यांखाली निकाल लागलेल्या शाळा. त्यांना नोटिसा गेल्यात, अनुदान का बंद करू नये म्हणून. नऊ नावं. सगळ्यात खाली धुळ्याकडचं तामसखेडं. सव्वीस बसले, दोन पास.

मथळा मीच दिला – 'या शाळा हव्यात कशाला?' चाळीस मिनिटांत बातमी पूर्ण. त्याच पानावर वर फोटो: त्याच तालुक्यातली मोठी शाळा, शंभर टक्के, सलग पाचवं वर्ष. मुख्याध्यापक पहिल्या आलेल्या मुलीला पेढा भरवताहेत.

१९ जून

मथळा सगळ्यांना आवडला. एका वाचकानं फोन करून सांगितलं, बरं झालं, कुणीतरी लिहिलं.

२५ जून

कचेरीत एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, पांढरा सदरा, चपलेला दोरीची गाठ. मी लीलाधर, तामसखेड्याचा मुख्याध्यापक, म्हणाले. मनात म्हटलं, आता भांडण! अशा वेळी मी खुर्ची देतो, पाणी देतो, आणि समोरच्याला दमेपर्यंत बोलू देतो. हे बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले,

"भाऊ, तुमची बातमी खोटी नाही. खोटी असती तर पत्र टाकलं असतं."

मग आलात कशासाठी?

"सव्वीसांतले दोन पास झाले, ते तुम्ही लिहिलं. सव्वीस आले कुठून, ते नाही लिहिलं. एकदा येऊन बघा. मग आणखी वाईट लिहा, चालेल."

बारा जुलैला धुळ्याला सुनावणी आहे म्हणाले. अनुदान गेलं तर शाळा दिवाळीही काढणार नाही. गावाला दुसरी शाळा नऊ किलोमीटरवर – मुलं एसटीनं जातील, मुली घरी बसतील. हे सगळं त्यांनी बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. सव्वा चारची गाडी गाठायची म्हणून उठले.

पितांबरला सांगितलं. तो म्हणाला, नापास शाळेचा मास्तर आणखी काय सांगणार? जा, पण शुक्रवारचा मजकूर देऊन जा.

१ जुलै

तामसखेड्याला जाऊन आलो. फाट्यावर उतरून दोन किलोमीटर पायी. पत्र्याच्या तीन खोल्या, एक पक्की. दहावीच्या वर्गात डोकी मोजली. सवयच ती! बावीस. त्यात मुली नऊ.

सरांनी शाळेचं जनरल रजिस्टर पुढ्यात ठेवलं आणि स्वतः तासावर निघून गेले. त्यात प्रत्येक मुलापुढे एक रकाना असतो – 'पूर्वीची शाळा'. गेल्या वर्षीचे सव्वीस शोधून काढले. पंधरांपुढे एकच नाव. आपली शंभर टक्क्यांची शाळा, पेढ्याची! पंधराही जण नववी पास झाल्यावर जूनमध्ये इकडे आलेले. दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण सगळीकडे एकच, एकाच हस्ताक्षरात: पालकाच्या विनंतीवरून.

यंदाही सात जण तसेच आलेत. त्यातल्या केसर नावाच्या मुलीची आई, भागाबाई, शाळेमागच्या शेतात निंदत होती. तिला विचारलं, मुलीला तिथून काढायची विनंती तुम्ही केलीत का? ती खुरपं हातातच ठेवून हसली.

"मी कसानी विनंती करू, भाऊ? त्या मास्तर म्हने, पोरले पास करतस, पन दाखला ली जा. कागद पुढे कया, मी आंगठा दिन्हा."

मग इथं कसं वाटतं पोरीला?

"हुशार नही शे ती. पन रोज शाळामा जास."

निघताना लीलाधर सरांना विचारलं, तुम्ही ही मुलं घेता कशाला? नाही म्हणता येतं की. त्यांनी खडूचे हात झटकले. म्हणाले, पोर दारात दाखला घेऊन उभं असतं, त्याला काय सांगू – तुझ्यानं माझी टक्केवारी पडेल?

बसमध्ये बसायला जागा मिळाली. काही लिहावंसं वाटलं नाही.

२ जुलै

मोठ्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक बन्सीलाल सर. मला वाटलं होतं, उडवाउडवी करतील. त्यांनी चहा मागवला, दार लोटून घेतलं.

"मी गणिताचा मास्तर आहे, साहेब. अंश वाढत नसेल तर छेद कमी करायचा."

आणि स्वतःच हसले. मग हसू थांबवून म्हणाले, निकाल घसरला तर माझ्या शिक्षकांच्या वेतनवाढी अडतील, संस्थाचालक माझा राजीनामा मागतील, आणि तुम्ही पहिल्या पानावर छापाल. छापाल ना?

छापलं असतं. तसं म्हणालोही.

पाच वर्षं या माणसाचा पेढ्याचा फोटो मी लावतोय. कधी विचारलं नाही की नववीत किती होते आणि दहावीला किती बसले. दोन आकडे! शिकाऊ वार्ताहरानं विचारायचा प्रश्न.

५ जुलै

लेख दिला. नऊशे शब्द. पितांबरनं सहाशे केले. मोठ्या शाळेचं नाव काढलं. नावाचा विषय नाही, पद्धतीचा आहे, म्हणतो. खरंही आहे, आणि दर जूनमध्ये त्यांची पानभर जाहिरात असते, तेही खरं. आकडा मात्र मी एकही हलू दिला नाही. मुलीचं नाव मीच घातलं नव्हतं.

८ जुलै

लेख आला. उकाडा. बाकी काही नाही.

१२ जुलै

धुळे. सुनावणीला आत बसू दिलं. अधिकारी तरुण, सभ्य. त्यांच्या फाइलला माझा लेख टाचलेला होता. लीलाधर सरांनी रजिस्टरचे उतारे पुढे केले. अधिकाऱ्यांनी सगळे वाचले, अगदी सावकाश. मग म्हणाले, सर, तुमचं पटतं. पण आमच्या प्रपत्रात बसले, उत्तीर्ण आणि टक्केवारी एवढंच आहे. मुलगा कुठून आला, हा रकानाच नाही. मी लिहू कुठे?

तरी माणूस चांगला. आधीच्या पाच शाळांचं अनुदान थांबवलं होतं. तामसखेड्याला एक वर्ष दिलं. मार्चच्या परीक्षेत चाळीस टक्क्यांवर निकाल आणा, नाहीतर पुन्हा सुनावणी होणार नाही.

बाहेर आल्यावर सरांनी माझे दोन्ही हात धरले. बराच वेळ. म्हणाले, शाळा राहिली, भाऊ.

येताना बसमध्ये मी बऱ्यापैकी खुशीत होतो. तीस वर्षं लिहितोय, पण लिहिलं आणि चार दिवसांत काही झालं, असं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं.

१३ जुलै

पितांबरनं चहा पाजला. नापास मास्तरचा वकील, म्हणाला.

४ ऑगस्ट

सरांचं कार्ड. सकाळी सात ते नऊ जादा तास सुरू केलेत. शिक्षक कुरकुर न करता येतात. केसरला इंग्रजीत अकरा मार्क मिळाले, पूर्वी चार होते. 'प्रगती आहे,' असं लिहून खाली रेघ ओढलीय.

कार्डाला उत्तर लिहायचं राहून गेलं. नगरपालिकेचं प्रकरण चालू होतं.

९ ऑक्टोबर

दुसरं कार्ड. सहामाही झाली. बावीसपैकी सहा नक्की पास होतील, चार काठावर. बाकीच्यांचं सांगता येत नाही. बोर्डाचे फॉर्म दिवाळीनंतर भरायचे आहेत. एवढंच. या वेळी केसरचा उल्लेख नाही. मी हिशेब केला. बावीसचे चाळीस टक्के म्हणजे नऊ. काठावरचे तीन तरी तरायला हवेत. होईल, असं वाटलं.

२६ नोव्हेंबर

कामानं धुळ्याला. स्टँडवर लीलाधर सर दिसले, काखेत बोर्डाच्या फॉर्मांचं पाकीट. पातळ वाटलं. हाक मारली. ऐकू गेली नसावी. चढले आणि खिडकीपासून दूर बसले.

१९ जून १९९२

निकाल. शंभर टक्क्यांच्या शाळांची यादी माझ्याकडे येण्याआधी पितांबरकडे गेली. तो उठून आला, यादी टेबलावर ठेवली, एका नावावर बोट. तामसखेडे. म्हणाला, तुझी शाळा! सव्वीसांत दोनवरून शंभर टक्के – दोन कॉलम दे, मास्तरचा फोटो मागव, पेढ्यासकट.

मी पुढचे रकाने वाचले.

बसले सहा. उत्तीर्ण सहा.

२२ जून

तामसखेड्याला गेलो होतो. लीलाधर सरांनीच रजिस्टर उघडून दिलं. सोळा दाखले, सगळे नोव्हेंबरचे. पालकाच्या विनंतीवरून. केसरचाही.

मी विचारलं, सोळा जण कुठल्या शाळेत गेले, सर?

"आमच्या पुढं शाळा नाही, भाऊ."