पिवळीला जागा

सोमवार, ३ मार्च

पहिल्याच दिवशी शेपटी फाडली! दुकानातून पिवळी मासोळी आणली, टाकीत सोडली, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि परत येते तर पिवळीच्या शेपटीचा कोपरा गायब. एक निळा पट्टेवाला तिच्यामागे हात धुऊन लागलेला — या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाकीचे बघ्यासारखे उभे, आणि ती जवळून गेली की आपलाही एक टोचा मारून घेणार.

भेट म्हणून आणली होती. लेकीसाठी. म्हणजे नवऱ्याच्या लेकीसाठी — पंधरा वर्षांची आहे, टाकी तिची. लग्न करून या घरात आल्यापासून तिचं माझ्याशी बोलणं ‘हो’, ‘नको’ आणि ‘माहीत नाही’ यावर भागतंय. म्हटलं, माशांवरून तरी गाडी पुढे सरकेल. तिनं टाकीकडे बघितलं, माझ्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे बघितलं. ‘‘एकटी आणतात का कधी?’’ म्हणाली आणि दप्तर उचलून आत गेली.

मला काय माहीत! पिवळा रंग छान दिसला, घेतली.

बुधवार, ५ मार्च

सिक्लिड म्हणतात या जातीला. दुकानदारानं आज सांगितलं. विकताना नाही — आज! दिसायला देखणे, स्वभावानं एकजात भांडखोर. प्रत्येकाचा दगड ठरलेला, कपार ठरलेली, आणि नवा आला की सगळे मिळून त्याला फोडून काढणार. मग विकलीत कशाला, असं विचारलं तर म्हणतो, तुम्ही विचारलंच नाहीत.

उपाय सांगितला: सगळ्यांना पोटभर खायला घाला आणि टाकीतला दिवा बंद ठेवा. घातलं. ठेवला. फौजदारानं अंधारातही हाणलं. (निळ्याचं हे नाव मी ठेवलंय.)

शुक्रवार, ७ मार्च

चहाचा डबा मी खालच्या फळीवर ठेवला होता. सकाळी बघते तर परत वर! सासूबाईंना विचारलं. ‘‘तो तिथंच असतो,’’ म्हणाल्या. रागानं नाही. पंखा वर असतो आणि फरशी खाली असते, तसं सांगितलं.

लेकीची आई उंच होती. चार वर्षं झाली तिला जाऊन, पण घर अजून तिच्या उंचीचं आहे. डबे, खुंट्या, आरसासुद्धा — आरशात मला माझं कपाळ तेवढं दिसतं. रोज सकाळी स्टुलावर चढून चहा करायचा! नवऱ्याला सांगितलं तर त्याचं ठरलेलं उत्तर: ‘‘होईल गं हळूहळू.’’ माणूस दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो. तिथंही असंच सांगतो का, देव जाणे.

रविवार, ९ मार्च

पिवळी दिवसभर वरच्या कोपऱ्यात, पाणी गाळायच्या नळीमागे. खायला टाकलं तरी बाहेर येत नाही. आली की मार.

मंगळवार, ११ मार्च

मी बनवलेली एका आजोबांची कवळी आज दातांच्या लॅबमध्ये पुन्हा परत आली. टोचते म्हणे. लॅबमध्ये दात टोचतात, घरी मासे टोचतात. घासली, पॉलिश केली, पाठवून दिली.

दुपारी घरमालकीणबाईंचा फोन. माझी जुनी भाड्याची खोली मी अजून सोडलेली नाही. नवऱ्याला माहीत आहे, तो विषय काढत नाही. बाईंना महिनाअखेर काय ते उत्तर हवंय: राहणार की सोडणार? सांगते म्हटलं. काय सांगू? तिथं चहाचा डबा ओट्यावर आहे आणि आरशात मी पूर्ण दिसते. पण तिथं हा नाही. आणि मला याच्याबरोबर राहायचंय, हेच तर त्रांगडं आहे.

बुधवार, १२ मार्च

आज एक गंमत. लवकर घरी आले तर सासूबाई टाकीसमोर स्टूल घेऊन बसलेल्या, हातात पळी. फौजदार पिवळीवर धावला की पळीनं काच वाजवायची आणि ‘‘हाड!’’ मला बघून पळी पदराआड केली. मीही बघितलं नाही असं दाखवलं.

शनिवार, १५ मार्च

दुकानदाराचा दुसरा उपाय: दादागिरी करणाऱ्यालाच काही दिवस वेगळा काढा, परत आला की नरमतो. त्याला पकडताना नाकी नऊ आले. अर्धी टाकी माझ्या अंगावर. शेवटी बादलीत गेला एकदाचा.

तासाभरात टाकीतला एक जांभळा — आजवर ब्र काढला नव्हता त्यानं! — फौजदाराच्या कपारीत जाऊन बसला आणि पिवळीला जास्तच झोडपायला लागला. मी कपाळाला हात लावला. मागून लेक म्हणाली, ‘‘एक काढला की दुसरा तयार होतो.’’ आणि बादली उचलून फौजदाराला परत टाकीत सोडलं. एवढं लांब वाक्य ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली. तेही मी चुकल्यावर.

रविवार, १६ मार्च

कुठून बुद्धी झाली!

दुकानदाराला फोन केला, तुझे उपाय तुलाच लखलाभ म्हणून सांगायला. तो म्हणाला, शेवटचं एक करून बघा, दगड हलवा. सगळे. जुनी घरं मोडली की कुणीच जुना राहत नाही, सगळे नवे.

लेक क्लासला गेलेली, हा झोपलेला. बाह्या वर केल्या आणि एकेक दगड बाहेर काढला. घासला, नव्यानं रचला. मोठा चपटा दगड मधला होता, तो कडेला. आणि काय सांगू, जादूच! फौजदार आपली कपार शोधत वेड्यासारखा फिरतोय, कपार आहे कुठे? जांभळा गोंधळलेला. पिवळी नळीमागून बाहेर आली आणि चक्क खाल्लं. मला इतका आनंद झाला की एकटीच हसले.

लेक आली. दारातच थांबली.

‘‘कोणी हलवले?’’

मी, म्हटलं. हसतच म्हटलं. अजून कळलं नव्हतं मला.

‘‘आईनं रचले होते ते.’’

ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आत गेली, दार लावून घेतलं, जेवायला आली नाही. नवऱ्याला विचारलं, मला सांगायचं नाही का? ‘‘सांगायचं राहूनच गेलं.’’ राहूनच गेलं! घरात एवढ्या गोष्टी ‘तिथंच असतात’ म्हणून बजावून झाल्या, आणि हीच एक सांगायची राहिली. सासूबाई भाजी निवडत राहिल्या.

मंगळवार, १८ मार्च

जुन्या फोटोत टाकी दिसते. म्हटलं, फोटो बघून परत तसेच रचून देते. ‘‘नको,’’ लेक म्हणाली.

टाकीत शांतता आहे. मला त्या शांततेचाच राग येतोय. मासे सुधारले आणि घर बिघडलं.

घरमालकीणबाईंना फोन केला. खोली ठेवते म्हटलं. शनिवारी थोडं सामान नेईन. नवऱ्याला सांगितलं. आज त्यानं ‘हळूहळू’ म्हटलं नाही. बराच वेळ हात धरून बसला. लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं, तिनं ऐकलं असणार.

गुरुवार, २० मार्च

लेक टाकीसमोर बसली होती. मी मागून निघून जात होते, तर तिनंच विचारलं, सगळे दगड काढले की थोडे ठेवले? सगळे काढले, म्हटलं. थोडे ठेवले तर ज्यांचे राहतात ते शेफारतात, असं दुकानदाराचं म्हणणं.

‘‘माहीत आहे,’’ म्हणाली. ‘‘नवा मासा आणला की आई स्वतःच हलवायची. ती गेल्यावर मी हलवू दिले नाहीत. म्हणून नवा कुणी टिकलाच नाही.’’

मी शेजारी बसले. ती उठून गेली नाही. पिवळी मोठ्या दगडाखाली शिरली, बाहेर आली, परत शिरली. शेपटी भरत आलीय.

शुक्रवार, २१ मार्च

बॅग भरली. सासूबाईंनी दारातून बघितलं. लॅबमधून उद्या किती वाजता येणार, एवढंच विचारलं.

शनिवार, २२ मार्च

लॅबमधून आले तर घराचं दार पूर्ण उघडेना. मागे कपाट! टेबल खिडकीशी, सोफा उलट्या भिंतीला, आरसा माझ्या नाकासमोर. नवरा घामाघूम, लेक केसांत धूळ घेऊन उभी. ‘‘सगळं काढलं,’’ म्हणाली. ‘‘थोडं ठेवलं नाही.’’

काहीतरी करायचं म्हणून स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवायला. सवयीनं हात वर गेला. फळी रिकामी. सासूबाई एकेक झाकण उघडून वास घेत होत्या. चहाचा डबा कुठे, म्हणून विचारलं.

‘‘मला काय माहीत?’’ म्हणाल्या. ‘‘मीही शोधतेय. तू खालच्या फळ्या बघ.’’