अण्णांचा पॉट आणि ताईची बाटली

प्रिय ताई,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. वाकलोच आहे, तर तुझ्या गुडघ्यांची सूज उतरली का तेही जवळून बघून घेतो. भाऊजींचा खोकला, नातीचे दुधाचे दात आणि तुझ्या स्वयंपाकघरातला गळका नळ, सगळ्यांची खुशाली सविस्तर कळव. ‘आम्ही मजेत’ एवढं लिहून मोकळी होऊ नकोस. त्याला मी खुशाली म्हणत नाही, टाळाटाळ म्हणतो. इकडे आम्ही दोघंही ठीक. माझं वजन गेल्या उन्हाळ्याइतकंच आहे (वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याला एवढं तरी नक्की सांगता आलं पाहिजे). तुझी भावजय काट्यावर उभी राहत नाही. तिचा काट्यावर विश्वास नाही, आणि तो दुरुस्त करणाऱ्यावर त्याहून नाही.

तुझं पार्सल पोचलं. खोक्याला कापूस तू नको तिथे लावला होतास आणि हवा तिथे विसरली होतीस, पण बाटली शाबूत आली. सोबतची चिठ्ठी मात्र मी उभ्याउभ्या वाचायला घेतली आणि शेवटी बसून वाचली. तापानंतर तुझं नाक गेलं ते परत आलंच नाही, दूध करपलं तरी कळत नाही, याचं तुला फारसं काही वाटत नाही म्हणतेस. पण परवा दुपारी डोळे मिटून अण्णांच्या आइसक्रीमच्या दुकानाचा वास आठवायला बसलीस, आणि तोही आला नाही. अण्णांचा चेहरा आला, आवाज आला, वास नाही. मग तू बाजारात गेलीस, अत्तराच्या दुकानातल्या मुलीनं ‘हे घ्या काकू, भर उन्हाळ्यातलं आइसक्रीम’ म्हणून ही बाटली हातात दिली, आणि तुला स्वतःला हुंगता येत नाही म्हणून तू ती मला धाडलीस. ‘आपल्या दुकानासारखं आहे का ते सांग, उगाच माझं मन राखू नकोस.’ ताई, मन राखणं माझ्या धंद्यात बसत नाही. जो काटा मन राखतो तो मी फोडून भंगारात देतो. तेव्हा हा अहवाल शांतपणे वाच, मध्येच उठून गॅस बघायला जाऊ नकोस (किंवा जा. तुला करपल्याचं कळत नाही हे विसरलो).

अत्तर हुंगायची विद्या मला कोणी शिकवली नाही. काटे दुरुस्त करायची तरी कोणी शिकवली होती? रद्दीवाल्याकडून एक पुस्तक आणलं (शेवटची पानं उंदरांनी आधीच वाचून संपवलेली) आणि पाठ केलं. त्यात म्हटलंय की चांगल्या अत्तराला तीन मजले असतात. वरचा मजला लगेच भेटतो आणि पाहुण्यासारखा घाईनं निघून जातो, मधला बसून गप्पा मारतो आणि तळमजला रात्री मुक्कामाला राहतो. त्याप्रमाणे मी प्रथम बाटली तपासली. रंग पिकलेल्या पीचसारखा. झाकण वितळत्या आइसक्रीमच्या गोळ्याच्या आकाराचं, पण डावीकडे किंचित कललेलं. मी ते कानशीनं घासून सरळ केलं. (आता ते घट्ट बसत नाही, पण सरळ आहे.) मग मनगटावर एक फवारा मारला. वरच्या मजल्यावर अननस, अगदी मोठ्यानं बोलणारा. त्याच्यामागे नारळाचं दूध. मधल्या मजल्यावर व्हॅनिला आणि जराशी जळलेली साखर. तळाला भाजलेल्या बिस्किटासारखं काहीतरी, आणि उन्हात तापलेल्या रबरी चपलेसारखं काहीतरी. ही चप्पल पुस्तकात नाही, पण बाटलीत आहे.

गोडवा खरा की खोटा, हे बघायला एक थेंब खिडकीच्या कठड्यावर टाकला. मुंग्या आल्या. थेंबाभोवती फिरल्या, एकमेकींशी काहीतरी बोलल्या आणि आल्या वाटेनं परत गेल्या. ताई, इतकं कडक परीक्षण मी आजवर कुठे वाचलेलं नाही. एक गांधीलमाशी मात्र दुपारभर माझ्या मनगटावर लट्टू होती, पण गांधीलमाशीच्या आवडीनिवडीवर मी मत बनवत नाही.

दुसऱ्या दिवशी तेच अत्तर शर्टाला लावून वर्कशॉपमध्ये गेलो, कारण वस्तू वापरात कशी वागते हे बघितल्याशिवाय मी पावती देत नाही. कोपऱ्यावरचा बेकरीवाला आपला पिठाचा काटा घेऊन आला, दारातच थांबला आणि नाक वर करून उभा राहिला. काटा टेबलावर न ठेवता मला म्हणाला, “मास्तर, खरं सांगा. मागच्या खोलीत भट्टी लावलीय?” मी नाही म्हटलं. तरी तो मागच्या खोलीत जाऊन आला, कपाट उघडलं, टेबलाखाली वाकून बघितलं. “मग केक कुठाय?” केक नाही, अत्तर आहे, असं मी शर्टाची बाही त्याच्या नाकाखाली धरून सांगितलं. त्यानं बाही दोनदा हुंगली. मग आवाज खाली आणून म्हणाला, “वहिनींना माहीत आहे?”

एवढ्यावर भागलं असतं. पण त्यानं निघताना सहज म्हटलं की हे आइसक्रीम नव्हेच, हा आइसक्रीमचा कोन आहे, भाजलेला, बिस्किटाचा, कोन मी रोज भाजतो. मी म्हटलं, आइसक्रीम मी लहानपणी काढलंय, तू मला सांगू नकोस. तो म्हणाला, मी भाजलंय. वजनाचा वाद झाला की आम्ही प्रमाणित वजन आणून शेजारी ठेवतो, तसं इथेही खरं आइसक्रीम शेजारी ठेवल्याशिवाय निकाल लागणार नव्हता. म्हणून मी माळ्यावर चढलो आणि अण्णांचा पॉट खाली काढला.

तोच गं. लाकडी बादली, मधला डबा, वरचा दातेरी चक्र असलेला दांडा. वास घेतला. धूळ आणि उंदीर. तुझ्याइतकंच त्यालाही काही आठवत नव्हतं. पाणी ओतलं तर फळ्यांच्या फटींतून सगळं मोरीत गेलं. मग आठवलं की उन्हाळा लागायच्या आधी अण्णा पॉट भिजत घालायचे. लाकूड फुगून फटी मिटेपर्यंत मोरी पॉटाची, आणि आपण अंगणात नळाखाली अंघोळ करायची, तीही शेजाऱ्यांच्या देखत. इथे अंगण नाही. त्यामुळे पॉट भिजेपर्यंत मी आणि तुझी भावजय स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चंबूनं अंघोळी करत होतो, आणि त्या काळात तिनं तुझं नाव जितक्या वेळा घेतलं तितकं मी साऱ्या जन्मात घेतलं नसेल. (आदरानं घेतलं म्हणता येणार नाही, पण घेतलं.)

रविवारी बर्फ आणला, जाडं मीठ आणलं, गोणपाट आणलं. दांड्याचा गंज रॉकेलनं काढून तेल घातलं. इसेन्सची बाटली बेकरीवाल्यानं दिली, ओली आणि लेबल सुटलेली, अगदी आपल्या दुकानात पडद्यामागच्या खोलीत असायची तशी. “अननस असेल, नाहीतर केळं,” म्हणाला. मी झाकण उघडलं, एकदा हुंगलं आणि अननस म्हणून सांगितलं. तेव्हा तुझी इतकी आठवण आली! बर्फाच्या पाण्यानं सगळ्या बाटल्यांची लेबलं गळून पडायची, आणि अण्णा एकेक बाटली तुझ्या नाकाशी धरायचे. तू डोळे मिटून, राणीसारखी, गुलाब, व्हॅनिला, लिंबू, असं जाहीर करायचीस आणि अण्णा तसं तसं ओतायचे. ‘आपल्या दुकानाची लेबलं हिच्या तोंडावर लावलीत’ असं गिऱ्हाइकांना सांगायचे. माझ्याकडे दांडा फिरवायचं काम. पॉट हलू नये म्हणून वर गोणपाटाची घडी टाकून तुला बसवायचे. बर्फाचा गारवा गोणपाटातून वर आला की तू किंचाळायचीस, अण्णा म्हणायचे, “किंचाळली, म्हणजे धरायला लागलं बरं का!” आणि मला आणखी जोरात फिरवायला सांगायचे. आइसक्रीम झाल्याची तीच आपली खूण होती.

आता वर बसायचं कोणी? तुझी भावजय म्हणाली, “मी बसले तर तुमचा पॉट परत माळ्यावर जाईल, पण सरपण होऊन.” शेवटी बेकरीवाला बसला. तो किंचाळला नाही, नुसता “अरे बापरे” म्हणाला, पण तेवढ्यानं मला अंदाज आला. फिरवता फिरवता बाहीला खारं पाणी लागलं, ओलं गोणपाट लागलं, दांड्याचं तेल आणि लोखंड लागलं, घाम तर होताच, आणि अत्तर सकाळीच लावलेलं होतं. डबा उघडला तर झाकणाच्या फटीतून मीठ आत गेलेलं. कडेचं आइसक्रीम खारट. बेकरीवाल्यानं तोंड वाकडं केलं, तुझ्या भावजयीनं मधलं मधलं खाल्लं. मी कडेचंच खात होतो. आपण दोघं कडेचंच खायचो, आठवतं? मधलं गिऱ्हाइकांचं, कडेचं खारट आपलं.

आणि मग कपाळाचा घाम पुसायला बाही वर नेली. ताई, मी मागे वळून बघितलं. कोणी नव्हतं. पण कोणीतरी पडदा सारून मागच्या खोलीत आलंय आणि आता ‘दमलास का रे’ म्हणून दांडा माझ्या हातातून घेणार आहे, असं अगदी स्पष्ट वाटलं. बेकरीवाल्यानं विचारलं, काय झालं. मी सांगितलं, मीठ डोळ्यात गेलं.

तर निकाल असा. बाटलीतलं अत्तर चांगलं आहे, उन्हाळी आहे, गोड आहे, अननस जरा कमी बडबडला असता तर बरं झालं असतं. पण ते रस्त्यावरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला येणारं आइसक्रीम आहे. आपण पडद्यामागचे. आपल्या वासात मीठ होतं, ओलं गोणपाट होतं, लोखंड होतं आणि अण्णांचा शर्ट होता. तू विचारलंस, आपल्या दुकानासारखं आहे का. बाटलीत नाही. दिवसभर काम केलेल्या माणसाच्या बाहीवर आहे. वास आठवत नाही म्हणून घाबरू नकोस. डोळे मीट आणि नाकाला विचारूच नकोस. गोणपाटाची घडी आठव, खालून चढत येणारा गारवा आठव, ज्यानं तू किंचाळायचीस. तो तुझ्या नाकात कधीच नव्हता, तापाला तो सापडायचा नाही.

भाऊजींना नमस्कार, नातीला गोड पापा. नळाची वायसर कशी बदलायची ते आकृती काढून सोबत ठेवलं आहे. प्लंबरला हात लावू देऊ नकोस.

तुझा धाकटा

ता. क. तो शर्ट तुला पाठवायचा विचार होता, पण तुला वास येत नाही, तेव्हा पाठवून काय उपयोग? धुवायला टाकला. वस्तूंत जीव अडकवायचा माझा स्वभाव नाही.

आणखी एक. तुझे डॉक्टर म्हणतात ना, ओळखीचे वास रोज हुंगत राहा, कधीकधी नाक परत येतं? त्याच्याशी याचा संबंध नाही, पण पॉट आता भिजलाय, मोरीतच आहे. सुकू दिला तर फळ्या उलतील, पुन्हा भिजवावा लागेल, आणि तुझी भावजय आणखी फार दिवस चंबूनं अंघोळ करणार नाही म्हणते. वर बसायला माणूस हवा. बेकरीवाला किंचाळत नाही, त्यामुळे आइसक्रीम कधी झालं ते नीट कळत नाही. ही निव्वळ तांत्रिक अडचण आहे. गाडीचं बघ.

ताई, नमस्कार. पत्र पाकिटात घालायला यांनी माझ्याकडे दिलंय म्हणून खाली माझ्या दोन ओळी. ते अननस नव्हतं, केळं होतं. बेकरीवाल्यानं आणि मी पहिल्याच चमच्याला ओळखलं, यांना अजून सांगितलेलं नाही. तुमची बाटली निम्मी झालीय, रोज लावून जातात. आणि शर्ट धुवायला बिलकूल टाकलेला नाही. घडी घालून पॉटाच्या मधल्या डब्यात ठेवलाय, वर झाकण, झाकणावर वजन. मी हात लावला तर ओरडतात, ‘ताई येईपर्यंत उघडायचा नाही.’ तुम्हाला वास येवो न येवो, लवकर या. मला मोरी परत हवी आहे.