बॅरनचं ‘वियात’

चि. सौ. झुल्मास कामिएलदादाचे पोतंभर आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? आठ महिने तुझं पत्र नाही (कारण मला ठाऊक आहे, म्हणून विचारत नाही). इकडे माझं पोट बरं, परसातला कोबी बरा. नाक तेवढं कापलं गेलंय. कापलं गास्तों मेहुण्यांच्या फिंच पक्ष्याने. (आधी त्यांना माझा नमस्कार सांग, मग पुढचं वाच.)

गेल्या उन्हाळ्यात आईच्या आजारपणात तुम्ही दोघं इथे राहिलात, तेव्हा तुमच्या फ्रेंच मुलखातल्या त्या फिंचचा पिंजरा स्वयंपाकघरात माझ्या फिंचच्या, बॅरनच्या, शेजारी टांगला होता. बॅरन तेव्हा नुकती पिसं फुटलेलं पोर. या रविवारी त्याची गाण्याची पहिली स्पर्धा होती. रस्त्याच्या कडेला पक्ष्यांच्या चाळीस पेट्या, आणि रिवाजाप्रमाणे माझ्या पक्ष्याच्या ताना मोजायला समोर शेजारचा ओदिल, हातात रेघा ओढायची काठी नि खडू. बॅरन काय गायला म्हणून सांगू! पण शेवट? ‘सुस्केवियात!’ अगं, ‘सुस्केवीत’ हवं! वीतला खडूची रेघ, वियातला काही नाही, हे आजोबांच्या आधीपासूनचं. तासभर वियात-वियात चाललं आणि काठी कोरी. ओदिल म्हणाला, “कामिएल, तुझा पक्षी फ्रेंच बोलतो रे! पासपोर्ट काढलायस का त्याचा?” सगळी गल्ली हसली.

ओदिलची लेक लिस्बेत विद्यापीठात पक्ष्यांच्या मेंदूवर काम करते. तिला म्हटलं, काही औषध दे. ती म्हणाली, “औषध नाही काका. पिल्लू ऐकतं ते आधी मेंदूत साठतं. मग ते बडबडायला लागतं, स्वतःचा आवाज ऐकून त्या साठवलेल्याशी ताडून बघतं. एकदा जुळलं की दार बंद. आता जन्मभर वियात.” (पावट्याएवढ्या मेंदूत एवढा हट्ट! आपल्याच घरात वाढलाय म्हणा.) ओदिल म्हणतो, पक्षी देऊन टाक. मी हो म्हणालोय. तेव्हा मेहुण्यांना सांग, बिघडवलात तुम्ही, आता न्यायलाही तुम्हीच या.

तुझा,
कामिएलदादा

ता. क. मेहुण्यांना एकटं पाठवू नकोस. त्यांचं बोलणं मला कळत नाही, माझं त्यांना.

ता. क. २. आईला स्मशानात पोचवून आल्यावर जेवताना तू ‘आई’ म्हणालीस, त्याचा शेवट सासरचा लागला, आणि मी सगळ्यांदेखत हसलो. तू ताटावरून उठलीस. चुकलं माझं, झुल्मा. चाळीस वर्षं जे कानांवर पडतं तेच जिभेवर येतं, हे कळायला मला पक्षी लागला.

ता. क. ३. बॅरन मी कुणालाही देणार नाही. ओदिलला थाप मारली. सकाळी स्वयंपाकघरातून ‘वियात’ ऐकू आलं की वाटतं तू उठलीस. पण त्याला तुझ्यासारखे ताकातले बटाटे करता येत नाहीत. तू ये.